आखूड नळीची पावडर

मी, वैजयंती मुरलीधर सबनीस, वय एकाहत्तर, राहणार हॉल ग्रीन, बर्मिंगहॅम, हॉस्पिटलातली निवृत्त फार्मासिस्ट, हे शेवटचं मृत्युपत्र स्वहस्ते आणि पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. नातेवाइकांचं मत वेगळं असू शकतं. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. ज्यांनी आणून पाहिलं त्यांची नावं खाली येतीलच. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक ब्रॅकनेलला राहणारा माझा मुलगा सुश्रुत यास. अट एकच, घर विकण्याआधी त्याने ते एकदा स्वतः झाडून काढावं. सून निवेदिता हिने झाडलेलं धरलं जाणार नाही.

कलम २. पिनरच्या नणंदबाई अलकाताई यांस गोळीच्या आवाजापासून कान झाकणारे माझे नेमबाजीचे इअर डिफेंडर. मी १९८१ साली पिस्तूल क्लबात जायला लागले तेव्हापासून ‘बाईच्या जातीला हे शोभतं का’ असं त्या पिनरपासून पुण्यापर्यंत विचारत आल्या आहेत. डिफेंडर त्यांनी स्वतः घालू नयेत, समोर बसणाऱ्यास द्यावेत.

कलम ३. माझे यजमान मुरलीधर सोळा वर्षं दर शनिवारी क्लबाबाहेर गाडीत बसून क्रॉसवर्ड सोडवत राहिले आणि एकदाही ‘किती वेळ’ असं म्हणाले नाहीत. ते २००१ साली गेले. त्यांना काही ठेवता येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कलम ४. माझी दोन रिव्हॉल्व्हरं, अडीच इंची नळीची, कोणालाच नाहीत. १९९७ साली इथे खाजगी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं बाळगायला कायद्याने बंदी आली तेव्हा मी ती पोलीस स्टेशनात जमा केली. काउंटरवरच्या तरुण पोलिसाने इथल्या सवयीने मला ‘लव्ह’ म्हणून पावती दिली आणि ही तुमच्या मिस्टरांची का, असं विचारलं. पावती डाव्या ड्रॉवरमध्ये आहे.

कलम ५. आता पावडर. काडतूस घरी भरायचं म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाला पेटणारी टोपी, आत पावडर आणि वर शिशाची गोळी. गोळ्या विष्णू ओतायचा, बाकी भरणं माझं. विष्णू आगाशे म्हणजे मोटार कारखान्यातला टूलरूम इंजिनियर, माझा क्लबातला दोस्त. तेरा वर्षं आम्ही एकच भांडण भांडलो. मी म्हणायचे, आखूड नळीला जलद जळणारी पावडर हवी, चिमूटभर. गोळी बाहेर पडायच्या आत जळून मोकळी. सावकाश जळणारी घेतली तर अर्धी नळीबाहेर जळते, म्हणजे फुकटची दिवाळी. विष्णू म्हणायचा, होऊ दे दिवाळी, पण फुगीर पावडर घे. पुंगळी भरलेली दिसते, चुकून दुसऱ्यांदा ओतलीस तर उतू जाते. तुझी चिमूट दोनदा पडली तर तळाशी काय दिसणार, कपाळ? मी त्याला इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला चारचौघांत ऐकवलं, की मी जन्मभर औषधं मोजली आहेत, मला दोनदा ओतायची सवय नाही. लोक हसले. विष्णूसुद्धा हसला.

कलम ६. १९९४ च्या मे महिन्यात मी विष्णूसाठी पन्नास काडतुसं भरत होते. मध्येच नागपूरहून बहिणीचा फोन आला. तिच्या व्याह्यांचे गुण ऐकून परत आले आणि राहिलं होतं असं वाटलं तिथून पुढे भरलं. शनिवारी विष्णूच्या हातात रिव्हॉल्व्हर फुटलं. उजव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली. क्लबाने चौकशी केली, म्हणजे तिघांनी चहा घेतला. मी सांगितलं, विष्णूच्या गोळ्या मापापेक्षा जाड होत्या. माझ्या वहीतलं अक्षर सुंदर, त्यामुळे सगळ्यांना पटलं. विष्णूला गोळ्या ओतायला बंदी झाली, त्याने साचे विकून टाकले, आणि मंडळात ‘विष्णूचं शिसं’ हा विनोद झाला.

चौकशीच्या आदल्या दिवशीच मी पावडरचा डबा तोलून पाहिला होता. एकावन्न पुंगळ्यांची पावडर गेली होती. पुंगळ्या पन्नास होत्या. ते मी वहीत लिहिलं आणि वही कपाटात ठेवली. आज बारा वर्षं झाली. मंडळाच्या पंगतीत विष्णू वरणभात चमच्याने खातो आणि मी त्याला आग्रहाने वाढते. मला स्वतःची लाज वाटते.

विष्णूला मी काहीही ठेवलेलं नाही. सॉलिसिटर म्हणाली, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर वाटा बुडतो. मला विष्णू साक्षीदार हवा आहे. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही म्हणे, पण विष्णू दूधवाल्याच्या चिठ्ठीवरही वाचल्याशिवाय सही करत नाही. तोंडाने सांगायची हिंमत मला झाली नाही, म्हणून हा कायदेशीर भित्रेपणा. या कलमाचं इंग्रजी भाषांतर आज सकाळीच क्लबाला पोस्टाने गेलं आहे. काडतुसं भरण्याचं यंत्र, तराजू आणि वही भंगारात द्यावी.

सहीपूर्व दुरुस्ती, त्याच पेनने. आज दुपारी मंडळाची चिटणीस उल्का आणि विष्णू माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसले. विष्णूने कलम सहा दोनदा वाचलं. वही मागितली, एकावन्नचा आकडा पाहिला. मग पेन माझ्याकडे सरकवून म्हणाला, सही करणार नाही. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं.

“सही केली तर यंत्र बुडेल ना माझं?” तो म्हणाला. “मला ते हवंय, वैजू. पिस्तुलं गेली, पण रायफलला बंदी नाही, आणि माझ्या रायफलला तेच काडतूस लागतं.”

मी विचारलं, म्हणजे माफ केलंस? तो म्हणाला, नाही, आज तरी नाही, आणि चहा मागितला.

सबब ‘भंगारात द्यावी’ हे शब्द खोडले आहेत. यंत्र, तराजू व वही विष्णू आगाशे यांस. मी आहे तोवर दर शनिवारी माझ्या शेडमध्ये भरणं दोघांनी मिळून करायचं आहे. पावडर विष्णू निवडतील.

सही: वैजयंती मुरलीधर सबनीस
साक्षीदार १: उल्का रानडे, मोझली
साक्षीदार २: नीना पटेल, शेजारीण, ऐनवेळी बोलावलेली, मराठी येत नसल्याने हसतमुखाने सही केली
स्थळ: हॉल ग्रीन, बर्मिंगहॅम
दिनांक: १४ ऑक्टोबर २००६