रुबार्ब मीच मागणार

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी पुण्याहून वहिनींचा फोन. उदयने घेतला. मी त्याच्यासमोर ओट्याशी दुधी किसत उभी, तर म्हणतो, ‘हेमांगी पडलीये जरा, नंतर बोलेल.’ पडलीये म्हणे. हातात किसणी घेऊन.

वहिनींनी परत तेच विचारलं: पण हिला कसं झालं, तंबाखू तर खात नव्हती ना? जिभेचा कॅन्सर म्हटलं की सगळ्यांना तंबाखूच आठवते. मी सुपारीसुद्धा खाल्लेली नाही कधी.

ऑक्टोबरात जिभेची उजवी कड काढली, मग रेडिएशन. ते संपून तीनेक महिने झाले. अजून पेज, मऊ भात, दुधी. चव कशालाच नाही, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. बोलताना र, ळ, ट एकमेकांच्या अंगावर पडतात. पण जरा थांबून ऐकलं तर मी काय म्हणते ते कळतं. थांबायला कुणी तयार नाही.

गुरुवार, १० एप्रिल

आज सेरीनकडे. माझी स्पीच थेरपिस्ट, वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान. तिच्याकडे बरं वाटतं, कारण ती माझं वाक्य पुरं करून देत नाही. मला शोधू देते.

या आठवड्याचा अभ्यास: एकटीने दुकानात जायचं आणि खायची एक वस्तू तोंडाने मागायची. लिहून दाखवायचं नाही, बोट दाखवायचं नाही. काय खावंसं वाटतं, तिने विचारलं. मी विचार न करता म्हटलं, रुबार्ब.

ती हसायला लागली. म्हणाली, अख्ख्या दुकानात हाच शब्द सापडला? अंडी माग, दूध माग. मी म्हटलं, नाही, रुबार्बच.

तन्वी व्हायच्या आधी उदयच्या प्रोजेक्टमुळे आम्ही वर्षभर लीड्सला होतो. घरमालकीणबाईंच्या परसात या दिवसांत ते लालसर देठ वर यायचे. बाई त्याचा ओट्स घालून क्रिस्प करायच्या, खाली आंबट-गोड रस, वर कुरकुरीत थर. मला तिथे कैरी मिळत नव्हती, तर मी त्या देठांचा मेथांबा केला होता. बाईंनी तो ब्रेडला लावून खाल्ला. चैत्रात मला आंबट लागतंच. या वर्षी घरात कैरी आणलीच नाही उदयने. तुला झोंबेल, म्हणाला.

सेरीनने बजावलंय: आंबट थोडं झोंबेल, चालेल. कोरडा भुगा मात्र जपून. भिजवून खा, सावकाश खा.

शनिवार, १२ एप्रिल

जुरोंग ईस्टचं मोठं सुपरमार्केट. उदय बाहेर बाकावर बसतो म्हणाला.

भाज्यांपाशी एक बाई माल लावत होत्या. मी विचारलं. त्या म्हणाल्या, रॅडिश? नाही. रंबुटान? नाही. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या खांद्यामागून उदयचा आवाज, स्वच्छ, मोठा: ‘रुबार्ब. माय वाइफ वॉन्ट्स रुबार्ब.’ बाई त्याच्याशी बोलायला लागल्या. माझ्याकडे बघून नुसतं हसल्या, आजारी मुलाकडे बघून हसतात तसं.

देठ निघाले. उदयने पाकीट बास्केटमध्ये टाकलं. मी ते उचलून परत शेल्फवर ठेवलं आणि बाहेर आले. 

घरी तन्वीला सांगितलं. ‘मा, यू जस्ट लेफ्ट इट देअर? रिस्पेक्ट लाह.’ इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली आणि कॉलेजचं पुस्तक परत उघडलं तिने. एवढंच. पण बरं वाटलं.

रविवार, १३ एप्रिल

भांडण. मोठं. आमच्या घरात मोठं भांडण हळू आवाजात होतं.

सुरुवात माझ्या शिकवण्यांवरून झाली. म्हटलं, मेपासून मुलांना परत बोलावते, गणितच तर आहे, आकडे फळ्यावर लिहायचे. उदय चहाचा कप विसळत राहिला. मग म्हणाला, सगळ्या पालकांना त्याने जानेवारीतच कळवलंय, हेमांगी आता शिकवणार नाही. त्यांनी दुसरीकडे घातली मुलं.

बारा वर्षं जमवलेला क्लास. क्लेमेंटीच्या या दोन ब्लॉक्समध्ये मला ‘मॅथ्स आंटी’ म्हणतात. म्हणत होते.

‘मला विचारलंस?’

‘तुला त्रास नको म्हणून.’

‘त्रास मला होतोय की तुला?’

त्याने कप पालथा घातला. मग म्हणाला, ‘तू बोलायला लागलीस की लोक तुझ्याकडे कसे बघतात ते तुला दिसत नाही. मला दिसतं.’

‘मग तू दुसरीकडे बघ.’

यातला प्रत्येक शब्द त्याला पहिल्या फटक्यात कळला.

मंगळवार, १५ एप्रिल

उ. ऑफिसला, त. कॉलेजला. मी खाली उतरले.

आमच्या बसस्टॉपपलीकडे एक छोटं दुकान आहे, परदेशी भाज्या ठेवणारं. गल्ल्यावर सत्तरीच्या चिनी आंटी. घशाला कोरड, पाण्याची बाटली बरोबर होतीच. दोन घोट घेतले आणि विचारलं.

आंटींनी कानामागे हात धरला. ‘से अगेन. स्लोली. माय इअर नो गुड, नॉट यू.’

मग आमचं जे चाललं ते चाललं. मी रुबार्ब म्हणते, त्या काहीतरी उचलून दाखवतात, मी मान हलवते. मागे माणसं उभी राहिली. एक जण घड्याळ बघायला लागला. पूर्वी मी फोन काढून फोटो दाखवला असता. फोन पर्समध्येच ठेवला. शेवटी मी वर्णन केलं: लांब, लाल, आंबट, ॲपल पायसारखा गोड पदार्थ बेक करतात त्याचा. आंटींचा चेहरा एकदम उघडला. ‘आ, रेड सेलरी! रु-बाब!’

त्यांनाही र नीट येत नाही. मजेत आहेत.

माल गुरुवारी येणार. नाव विचारलं, मी हेमांगी म्हटलं, त्यांनी ‘हेमा’ लिहून घेतलं. घरी येऊन आरशासमोर उभी राहून तो शब्द आणखी पाच-सहा वेळा म्हटला. रागाने म्हटलं की जास्त स्पष्ट येतो.

गुरुवार, १७ एप्रिल

मिळालं. आंटींनी पानं काढूनच ठेवलेली असतात, पानं विषारी. नुसते देठ, बुडाशी लाल, वर हिरवट.

धुतलं, चिरायला घेतलं. सुरीला तसाच आवाज येतो, कोवळी कैरी चिरताना येतो तसा. एक फोड मीठ लावून जिभेच्या डाव्या बाजूला ठेवली.

आधी आग. डोळ्यांतून पाणी. थुंकणार होते. मग आगीच्या मागून काहीतरी आलं. आंबट. पुठ्ठा नाही, धातू नाही, खरंखुरं आंबट. कानामागच्या शिरा आखडल्या, लहानपणी चिंचेनं व्हायच्या तशा.

ओट्याला टेकून उभी राहिले. दुसरी फोड खाल्ली. अर्थात झोंबली. झोंबू दे.

शुक्रवार, १८ एप्रिल

गुड फ्रायडेची सुट्टी, दोघंही घरी. क्रिस्प केला.

देठांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, वर साखर आणि चिमूटभर सुंठ. तासभर तसंच ठेवलं, भरपूर रस सुटला. दुसऱ्या भांड्यात ओट्स, कणीक, ब्राऊन शुगर, किंचित मीठ आणि थंड लोणी. बोटांच्या टोकांनी चोळायचं, मळायचं नाही. ओट्यावरचा छोटा ओव्हन, त्यात बसेल एवढंच पसरट भांडं. कडांनी गुलाबी रस बुडबुडायला लागला की झालं. वास तन्वीच्या खोलीपर्यंत गेला, ती हेडफोन काढून आली. वास मलाही आला. वास कुठे गेला नव्हताच.

उदय लांबूनच बघत होता. मला ठाऊक आहे त्याच्या डोळ्यांसमोर काय होतं. फेब्रुवारीत मऊ इडलीचा तुकडा घशात अडकला माझ्या. त्यानेच पाठीवर मारमारून काढला, नंतर हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा होता. तो त्यावर कधी बोलला नाही. मीही नाही.

वाटीत घेतला, वर व्हॅनिला आइस्क्रीम, वरचा थर भिजू दिला. पहिला घास ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याला ओट्सचा कण मागे गेला आणि ठसका लागला. उदय खुर्ची मागे सारून उठला. मी हात वर केला. खोकत होते, श्वास येत होता. हात तसाच धरून ठेवला.

‘पापा, सिट,’ तन्वी म्हणाली. ‘शी सेज सिट.’

तो बसला. मी पाणी प्यायले, हनुवटी खाली घेतली, सेरीनने शिकवल्यासारखं दोनदा गिळलं. चौथा घास घेतला. वाटी संपवली. बराच वेळ लागला, दोघांच्या वाट्या कधीच रिकाम्या. उठलं कुणी नाही.

रविवार, २० एप्रिल

वहिनींना मी फोन लावला. व्हिडिओ कॉल, मुद्दाम. माझा चेहरा उजवीकडे थोडा ओढलाय, तोही बघू दे.

म्हटलं, ‘वहिनी, कॅन्सर झाला होता. तंबाखूने नाही. का झाला ते डॉक्टरांनाही माहीत नाही. आता मी बोलते ते असं बोलते.’

‘तंबाखू’ तीनदा म्हणावं लागलं. त्या रडायला लागल्या. मला त्यांची समजूत काढत बसायचं नव्हतं, म्हणून मुलांचं विचारलं. हळूहळू लागल्या बोलायला. शेवटी म्हणाल्या, उदयभाऊजी सांगायचे तू झोपलीयेस, मला वाटायचं तुला माझ्याशी बोलायचंच नाही.

हे उदयला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

शनिवार, २६ एप्रिल

नीलिमाकडे बेडोकला चैत्राचं हळदीकुंकू. आमची जुनी मैत्रीण, दरवर्षी करते. दरवर्षी वाटली डाळ माझ्याकडे असते. या वर्षी तिने मेसेज केला, तू नुसती ये, काही आणू नकोस. मी क्रिस्पचं मोठं भांडं घेऊन गेले.

पंधराएक बायका. बहुतेक चांगल्या वागल्या, म्हणजे मोठ्याने आणि सावकाश बोलल्या, मी बहिरी असल्यासारख्या. नवीन आलेल्या एकीने नीलिमाच्या कानात विचारलं, मला ऐकू गेलं. मी तिच्याकडे वळून म्हटलं, ‘तंबाखू नाही. विचारायचं असेल तर मलाच विचार.’  ती बिचारी लाल झाली. मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं, परतीच्या बसमध्ये.

क्रिस्प काहींना आवडला. काहींनी एक चमचा खाऊन बशी सोफ्याखाली सरकवली. एक म्हणाली, आंबट शिऱ्यासारखं आहे गं. खरंच आहे. डाळ दुसऱ्या कुणीतरी केली होती. मी खाऊ शकत नव्हते. हळद कमी पडलीये हे रंगावरून कळत होतं, पण ते बोलले नाही.

सोमवार, २८ एप्रिल

पालकांना फोन केले. मी. मिसेस को म्हणाल्या, सॉरी, फोनवर मला तुमचं काही समजत नाहीये, विचार करून सांगते. त्या सांगणार नाहीत. दोघांनी तसंच गोड बोलून टाळलं. चौथीने विचारलं, फळ्यावर लिहिणार ना? मग बुधवारपासून पाठवते.

एक तर एक.

शुक्रवार, २ मे

तपासणी. डाव्या कडेला, जिथे मला चव लागते त्याच बाजूला, एक पांढरा चट्टा आहे. पहिली फोड खाल्ली त्या गुरुवारपासून मला झोंबतंय तिथे, मी आंबटाला दोष देत होते. डॉक्टर म्हणाले, आंबटाचा संबंध नाही. तुकडा काढून तपासायला पाठवला.

डॉक्टर सगळं उदयकडे बघून बोलत होते. खाणं कसंय तिचं, दुखतं का तिला. उदयने सवयीने सुरुवात केली, ‘शी इज...’ आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. डॉक्टरही वळले. मी सांगितलं. वेळ लागला. बाहेर रांग होती. लागू दे.

निघताना काउंटरवर विचारलं, निकालाचा फोन कुणाला येतो? उदयचा नंबर होता. बदलून माझा घालायला लावला. त्या मुलीने उदयकडे बघितलं. तो फोनमध्ये डोकं घालून उभा होता, मला वाटतं मुद्दाम.

गुरुवार, ८ मे

आंटींकडे रुबार्बचा बहुतेक शेवटचा माल. सगळाच उचलला. निम्मा फ्रीझरमध्ये, निम्म्याचा क्रिस्प. लोणी चोळत असताना फोन वाजला. हात पिठाने भरलेले, तसाच घेतला.

‘मे आय स्पीक टु द हजबंड?’

म्हटलं, मीच पेशंट, माझ्याशी बोला. तिला कळलं नाही. परत म्हटलं. परत. मग तिने विचारलं, मॅडम, सोमवारी येऊ शकाल का, डॉक्टर समोरासमोर बोलतील, बरोबर कुणाला तरी आणा. का, ते तिला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

उरलेलं लोणी चोळलं. भांडं ओव्हनमध्ये सरकवलं.

संध्याकाळी उदयला सांगितलं. तो माझा हात धरून बसला. म्हणाला, मी येतो सोमवारी.

ये म्हटलं. शेजारी बस. बोलेन मी.