ठिपक्याचा तेरडा

दिघोरी, ता. लाखांदूर
८ जून २०२५

बाई,

तुझ्या लहान भावाचा, तेजरामचा, तुला जयभीम. पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. हल्ली घरी पत्र येतं ते एकतर बँकेचं नाहीतर तेरवीचं, म्हणून आधीच सांगून टाकतो. इकडे आम्ही दोघं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, त्यांच्यावर ताण सुमन कुरकुरते, आणि मी दोघांचंही ऐकून घेतो. पोरगा धम्मदीप नागपुरात कामावर आहे, पंधरा दिवसांनी येतो, आला की झोपतो.

फोन का नाही केला म्हणशील. केला होता. दोनदा केला. तू उचललास की मी ऊन किती तापलं यावर जातो, तू पाणी किती दिवसांनी येतं यावर जातेस, आणि फोन संपतो. कागदावर तरी मी पळणार नाही.

आता मुद्द्याचं. आईचा ठिपक्याचा तेरडा बुडाला, बाई.

दोष माझाच. तीन वर्षांमागे धम्मदीपने नागपुरातून तेरड्याचं पाकीट आणलं. वरच्या चित्रात गुलाबी, जांभळी, केशरी फुलं अशी दाटलेली, की मला राहवलं नाही. चौथी शिकलेला माणूस मी, राईस मिलमध्ये पोती शिवली, पण फुलांच्या बाबतीत स्वतःला मोठा पंडित समजतो. पंडिताने ते पाकीट आईच्या तेरड्याच्या शेजारच्याच वाफ्यात पेरलं. मधमाशीला काय, तिला सगळी घरं सारखीच. ती इकडून तिकडे हिंडली. पुढच्या साली निम्मी रोपं बाटली. मागच्या साली वाफाभर फूल उघडलं ते सगळं गुलाबी, एकेरी, पातळ. पांढरं नाही, भरगच्च नाही, पाकळीवर लाल ठिपका तर औषधालाही नाही.

शेजारचा गोमाजी कुंपणावरून ओरडला, ‘‘काहून रे तेजराम, तुहा तेरडा लगनाले निघाला का? गुलाबी शालू नेसून उभा हाय!’’

मी हसलो. रात्री जेवण गेलं नाही.

तुला आठवतो ना तो? आईने आपल्या माहेराहून पदराच्या गाठीत आणलेला. लहान गुलाबासारखं फूल, दुधासारखं पांढरं, आणि प्रत्येक पाकळीवर मास्तरांच्या लाल शाईचा एकेक थेंब. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात लोक. पण वर्षावासाचे तीन महिने आईने विहारातलं फुलांचं ताट एक दिवस रिकामं राहू दिलं नाही. आई गेल्यावर ते ताट माझ्याकडे आलं. गावात म्हणायचे, ‘तेजरामचं फूल.’ आईचं म्हणायला पाहिजे होतं. मी कधी कोणाला सुधारलं नाही.

तर परवा कपाट आवरताना खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली सापडली. आत राखेत ठेवलेलं बी, चार साल जुनं, पाकीट यायच्या आधीचं! मोजून तेवीस दाणे. पाच ओल्या फडक्यात बांधून पाहिले, तीन दाण्यांना कोंब आला. राहिले अठरा.

ते मी इथे पेरू शकत नाही. माझ्या अंगणात तो गुलाबी तेरडा आपोआप उगवतो. उपटला तरी कुंपणात, मोरीत, गोमाजीच्या उकिरड्यावर उगवतो. पुन्हा मधमाशी, पुन्हा तेच लग्न. जिथे आसपास तेरड्याचं एक झाड नाही, अशी जागा पाहिजे. मी पुष्कळ विचार केला. अशी जागा मला एकच माहीत आहे, तुमचं गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनाचं गाव. तिथे कोणाच्याच दारात तेरडा नाही. मुरुमाची जमीन, दुसरं काय.

म्हणून तुला विचारतो. हे अठरा दाणे तू लावशील का? होय म्हण, लगेच पाठवतो.

तुझा
तेजराम


दिघोरी
१८ जून २०२५

बाई,

जयभीम. तुझी सून प्रतिक्षा हिचा फोन आला. पोरगी गोड बोलते, पण निरोप अक्षर न चुकता पोचवते. म्हणाली, ‘‘मामाजी, आई म्हणून राहिल्या का, माह्या हाताले बी उगवत नाही हे त्याले ठाऊक हाय ना, मंग मले कायले पाठवते? एवढं आईचं बी मातीत घालाले?’’

मी म्हटलं, अगं, ते जुनं झालं. तर तिने पुढचं सांगितलं. तेव्हापासून तू दारात कधी फूल लावलं नाहीस. मिरचीचं रोपसुद्धा प्रतिक्षाच लावते. आणि भाताच्या रोपांचे पऱ्हे टाकताना पहिली मूठ घरातल्या मोठ्या बाईची, ही तुमच्या घरची रीत. ती मूठ अकरा वर्षं तू टाकलेली नाहीस. टोपली सुनेच्या हाती देतेस आणि बांधावर जाऊन बसतेस.

बाई, हे मला माहीत नव्हतं. शपथ घेऊन सांगतो, नव्हतं.

आता जे लिहितो ते वाचून पत्र फाडलंस तरी चालेल. आत कापडात शिवलेली पुडी आहे, तेवढी फाडू नकोस.

तुम्ही पुनर्वसनात राहायला गेलात, त्यानंतरची गोष्ट. तुमच्या गावठाणात नवा विहार उभा राहत होता. तू इथे आलीस, अंगणात बसलीस आणि म्हणालीस, ‘‘तेजराम, मले आईच्या तेरड्याचं मूठभर बी दे. आमच्या विहारात बी आईचं ताट ठेवतो.’’ केवढ्या आनंदात होतीस. मी म्हटलं, उद्या जाताना देतो.

त्या दिवशी दुपारभर माझ्या डोक्यात किडा वळवळला. हिच्या गावात पाच-सहा गावांचे लोक येऊन राहिलेत. तिथे हा तेरडा फुलला की घरोघर जाईल, मग भंडाऱ्यापर्यंत जाईल, मग ‘तेजरामचं फूल’ कोण म्हणेल? माझ्यापाशी दुसरं होतं काय? मिलमध्ये मला ‘ए पोतेवाल्या’ म्हणून हाक मारायचे. विहारात मात्र बाया ताट पाहून म्हणायच्या, तेजरामभाऊ, काय फूल आहे! त्या एका वाक्यावर मी वर्ष काढायचो.

तुम्ही दोघी नणंदा-भावजया बाजूच्या घरी गेलात, तेव्हा मी चुलीवर तवा ठेवला आणि तुझं बी भाजलं.

जास्त नाही. रंग बदलू नये इतकंच. अर्ध्यात सुमन परत आली, म्हणाली, ‘‘तवा कायले तापवून राहिले?’’ मी म्हटलं, खोकला आहे, जिरं भाजतो. खरं वाटावं म्हणून वर दोनदा खोकलोसुद्धा. तिने बिचारीने मला काढा करून दिला. तो कडू काढा मी प्यालो, आणि सकाळी ती पुडी तुझ्या पदराला बांधून दिली.

तू ते बी पेरलंस, पाणी घातलंस, कोंबड्या हाकलल्यास. वर्षावासात विहाराच्या कार्यक्रमाला आलीस तेव्हा चारचौघींत विचारलंस, ‘‘काहून रे, एक बी दाणा नाही निघाला?’’ तेव्हा तरी गप्प बसायचं. चोराच्या मनात चांदणं. मी घाबरून मोठ्याने बोललो, ‘‘बाई, तुह्या हाताचं बी कोंब धरतच नाही!’’

सगळ्या बाया हसल्या. तूही हसलीस. मग आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलंस.

तेवढं मी पाहिलं होतं. बाकीचं, ती पऱ्ह्याची मूठ, तो बांध, परवा कळलं. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, बाई. तुझ्या हातात मी मेलेलं बी दिलं होतं. मागच्या पत्रात मुरुमाची जमीन लिहिली ना, तेही खोटं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी तुमचं अख्खं गाव वाकडं करून ठेवलं. तुमच्याकडे तेरडा नाही याचं कारण जमीन नाही, मी आहे. आणि तो तुमच्याकडे नाही, म्हणूनच आज आईचा तेरडा वाचला तर तुमच्याकडेच वाचेल. माझंच पाप माझ्या उपयोगाला यावं, असा हा निलाजरा मामला. गोमाजीला हे सगळं सांगितलं. तो सांगून टाकल्याशिवाय राहायचा नाही हे ठाऊक असून सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, ‘‘आधी तिले लिही. मंग मले तोंड दाखव.’’ सुमनने दोन दिवस माझं ताट आदळूनच वाढलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘‘माहा काढा वापस द्या.’’

पुडीत अठराच्या अठरा दाणे आहेत. मी एकही ठेवला नाही. आता कसं लावायचं ते सांगतो. वाफा उंच कर, पाणी थांबलं की तेरड्याचं खोड सडतं. नखाएवढं खोल पेर. दोन गोल पानं निघतील, तेव्हा कोंबड्यांना जप. पहिली कळी फुटली की बघ, एकेरी निघाली तर ते झाड त्याच दिवशी उपट, माया करू नकोस. बोंड पिवळसर झालं की त्याला मलमलीची चिंधी बांध, कारण हात लागताच ते फुटतं आणि बी अंगणभर पळतं. हे तुला माहीतच आहे, आई आपल्याला बोंडं फोडू द्यायची नाही. सकाळी दव असताना काढ, सावलीत वाळव.

लावणार नसशील तर प्रतिक्षाला सांग, ती लावेल. पण तू लावावंस. मला उत्तर नको, फक्त लाव.

तेजराम


दिघोरी
८ ऑक्टोबर २०२५

बाई,

जयभीम. चार महिने झाले, तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. बरोबर केलंस. मी फोन केला की प्रतिक्षा म्हणायची, ‘‘आई आंघोळीले गेल्या.’’ सकाळी आंघोळीला, दुपारी आंघोळीला, संध्याकाळी आंघोळीला. मी एकदा म्हटलं, वैनगंगा आटेल, बाहेर काढा तिला. तर फोनमध्ये मागून तू हसल्याचं ऐकू आलं. नाही म्हणू नकोस, तुझं हसणं मी ओळखतो. त्या दिवशी मी भाकर जास्तीची खाल्ली.

प्रतिक्षाने मला सगळं कळवलंय. तिच्यावर रागावू नकोस, मीच रोज पिच्छा पुरवायचो.

तिने सांगितलं, पत्र वाचून तू दोन दिवस चुलीपाशी बसून होतीस. तिसऱ्या दिवशी पुडीची शिवण दाताने तोडलीस. अठरातले सात उगवले. त्यातलं एक कोंबडीने नेलं, तेव्हा कोंबडीला जे बोललीस ते प्रतिक्षाने सांगितलं नाही, पण मला वाटतं अर्धं माझ्यासाठी होतं. आणि पऱ्हे टाकायच्या दिवशी तिने टोपली तुझ्यापुढे धरली. तू म्हणालीस, नाही. ती म्हणाली, ‘‘मंग यंदा पऱ्हेच नाही पडत, आपण दोघीबी बांधावर बसू,’’ आणि खरंच येऊन तुझ्या बाजूला बसली. तुझा पोरगा हाका मारतोय, बैल थांबलेत, सासू-सून बसून आहेत! शेवटी तू उठलीस. पऱ्हे दाट आले म्हणते, एक कोपरा रिकामा नाही. मी हे सुमनला वाचून दाखवावं तसं सांगितलं, तर ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, कांदा कापत होते. हातात भेंडी होती.

फोटो पाहिला. धम्मदीपने बोटांनी मोठा करून दाखवला. तुमच्या विहारातलं ताट, त्यात पांढरी भरगच्च फुलं. ठिपका मोबाईलमध्ये नीट दिसेना, म्हणून चष्मा पुसला, मग फोन पुसला, मग डोळे पुसले. दिसला. गोमाजीला दाखवला. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘‘हे तुहं फूल ना बे?’’

मी म्हटलं, ‘‘नाही. माह्या बहिणीचं, धुरपताबाईचं.’’ बोलायला सोपं गेलं नाही, आणि बोलल्यावर हलकंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

आता कालच्या निरोपाचं. प्रतिक्षा म्हणाली, गावठाणातल्या घराघराने तुझ्याकडे बी मागितलं आणि तू चिमूटचिमूट सगळ्यांना दिलंस. मी विचारलं, माझ्यासाठी? ती आत जाऊन आली. म्हणाली, ‘‘मामाजी, आई म्हणतात का, पोस्टानं भेटत नाही. पाहिजे असन तर त्याले म्हणा, रविवारी विहारात ये. बाया असतात. त्याहिच्या पुढं माग, आणि पहिले काहून नाही उगवलं होतं, ते बी तूच सांग.’’

सुमनला सांगितलं, तर ती आधीच पिशवी भरायला लागली. तीही येते म्हणते, ‘‘मले पाहाचंच हाय.’’ गोमाजीसुद्धा येतो म्हणत होता. त्याला मी हात जोडले.

बाई, मला भीती वाटते. इतकी, की काल विहिरीवर उभा राहून बोलायची तालीम केली आणि ‘बायांनो’च्या पुढे गेलो नाही. त्या हसतील. हसू दे. तू हसलीस तरी हसू दे. फक्त मी सांगत असताना आंघोळीला जाऊ नकोस, समोर बस. अंगणातला गुलाबी तेरडा मी मुळासकट काढलाय, कुंपणातला आणि मोरीतलाही, आणि गोमाजीचा उकिरडा दोनदा उपसलाय. वाफा रिकामा आहे. त्यात काय पडायचं ते तुझ्या मर्जीवर. दिलंस तर दोन्ही हात पुढे करून घेईन. नाही दिलंस तर जेवून परत येईन. आणि भाजून दिलंस, तरी बाई, पुढच्या मृगात पेरीन, पाणी घालीन आणि कोणाला काही बोलणार नाही.

लाखांदूरहून सकाळची पहिली एसटी धरतो. दहाच्या आत पोचेन.

बी मागायला येणारा
तुझा लहान भाऊ
तेजराम