डब्यातली खडी

पिंगळी,
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय नागसेन,

सप्रेम जय भीम. आईचा गुडघा बरा आहे. हरभरा काढणीला आला. फोनवर बोलले असते तर आईने ऐकलं असतं, म्हणून पत्र.

रेल्वेचा फॉर्म अजून माझ्या पर्समध्येच आहे. हजेरीपटावर पप्पांच्या नावापुढे अकरा महिने 'ॲबसेंट' लागतंय. मी 'मिसिंग' लिहून सही केली की त्यांच्या जागी तुझ्या नोकरीचं पुढे सरकेल, हे मला कळतं. एका शब्दाला इतके दिवस का, असं तू विचारतोस.

पाचवीला मी हे दोन्ही शब्द शिकवते. ॲबसेंट म्हणजे ज्याची जागा राखलेली आहे तो. मिसिंग म्हणजे ज्याला शोधावं लागतं तो.

पप्पांना शोधलं होतंच. चावीवाला माणूस, रोज सहा किलोमीटर रुळाच्या सैल झालेल्या चाव्या ठोकून घट्ट करत जाणारा. हातोडा सापडला, ते नाहीत.

आईला फॉर्म दाखवला. ती म्हणाली, "हरवले कसे? जेवायलेत की रोज."

ती अजून रोज सकाळी किलोमीटरच्या दगडाजवळ बाभळीला त्यांचा डबा अडकवते. संध्याकाळी शाळेतून येताना मी तो रिकामा आणते.

रिकामा मीच करत होते. भाकर शेळ्यांना घालायचे. आईने हाय खाऊ नये म्हणून.

गेल्या सोमवारी ठरवलं, आज भरलेला डबा तिच्यासमोर ठेवायचा आणि सही करायची. बाभळीजवळ गेले. डबा हलका होता. धुतलेला. घरात शिरताना तो वाजला.

तुला आठवत असेल. पप्पा रिकाम्या डब्यात रुळाची एक खडी टाकून आणायचे. गल्लीत ती वाजली की आई चहा ठेवायची. अकरा महिन्यांत मी एकदाही खडी टाकली नव्हती. मला ते सुचलंच नव्हतं.

आईने तीन कप मांडले.

खडी मी फेकून दिली. मंगळवारी पुन्हा होती. काल डबा बाभळीला लावू दिला नाही. मीच पोचवते म्हणाले, शाळेत नेला, भरलेलाच कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली दिवसभर माझ्याकडे होती. संध्याकाळी उचलला तर हलका, आणि वाजला.

फॉर्म सोबत पाठवते. सही केलीय, शब्दाची जागा कोरी आहे. मिसिंग लिहिलं की शोधावं लागेल, आणि आता मला सापडण्याची भीती वाटते. तू येऊन एकदा संध्याकाळी तो डबा घरी आण, मग हवा तो शब्द लिही.

आई कप मांडायलीय. तुझाही मांडलाय.

तुझी, अजून जागेवर असलेली
ताई