मागच्या सीटवर

॥ श्री ॥
औरंगाबाद
दि. १५ फेब्रुवारी १९८४

ती. स्व. द्वारकाआक्का यांचे सेवेशी,
मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बसून वाचा, आणि आधीच सांगते, आम्ही सगळे जिवंत आहोत. तुमचे भाऊ आत्ता दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरत आहेत. म्हणजे बरेच आहेत असं समजा.

रविवारी ह्यांच्या हापिसातल्या बन्सीभाऊंच्या मोटारीतून आम्ही जालन्याला लग्नाला निघालो होतो. बन्सीभाऊ चालवत होते, हे त्यांच्या शेजारी आणि मी मागं आहेराची पिशवी मांडीवर घेऊन. करमाडच्या पुढं मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता, म्हणून बन्सीभाऊंनी गाडी थांबवली. मागून ट्रक येत होता, त्याला काही थांबता आलं नाही. त्यानं अशी धडक दिली की आमची गाडी रस्ता सोडून बाभळीवर जाऊन आदळली. ह्यांचा गुडघा समोर आपटून वाटी फुटली. कपाळाला काच लागली, तिथं टाके पडलेत. बन्सीभाऊंच्या छातीवर स्टेअरिंग बसून बरगड्या मोडल्या, त्यांना श्वास घेताना डोळ्यांत पाणी येतं. मेंढरं राखणाऱ्या मुंजाबा नावाच्या माणसानं स्वतःचा पटका फाडून ह्यांचा पाय बांधला. त्याच्या बायकोनं मला धरून बाजूला बसवलं, पाणी पाजलं. एकही मेंढरू दगावलं नाही, हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती आणि का कोण जाणे, मलाही ते ऐकून बरं वाटत होतं.

मला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं. मान जरा धरलीय, ती इथल्या बाकड्यावर झोपल्यानं असणार. ह्यांना मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घातलंय. लवकरच घरी सोडतील, पण पायावर भार द्यायला दीड महिना मनाई आहे.

तुम्ही धावत येऊ नका. ज्वारीचे दिवस आहेत, मला कळतं. दाजींना नमस्कार. तुमची माया आमच्यावर आहे तशीच राहू द्या.

आपली,
मनकर्णा


देवगाव रंगारी
२० फेब्रुवारी १९८४

चि. सौ. मनकर्णास द्वारकाबाईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोस्टमननं दिलं तवा मी खळ्यात होते. बसून वाचा म्हणून लिहिलंस, म्या उभ्यानंच वाचलं अन् मग बसले. रामकिसन लहानपणी सारखं काहीबाही मोडून घ्यायचा. कधी दात, कधी मनगट, एकदा तर दुसऱ्याची सायकल. आई म्हणायची ह्याला बांधूनच ठेवायला पाहिजे. आता डॉक्टरानं बांधलाय. त्याला सांग, आक्का लई रागावली अन् मग लई रडली. दोन्ही सांग.

मी येणारच होते, पण ज्वारी काढून पडलीय अन् तुझे दाजी तापानं फणफणलेत. आमचा शेजारी सूर्यभान शहरात यायला निघालाय, त्याच्या हाती डिंकाचे लाडू धाडते. हाडाला चांगले असतेत. सगळे त्यालाच घालू नको, तू बी खा. तुझा स्वभाव मला माहीत हाय, डबा रिकामा व्हईल अन् तू नुसता वास घेशील.

एक विचारते. ट्रक मागून आला अन् मागं तर तूच बसली व्हतीस. मग तुलाच कसं काय झालं नाय? मान मोकळी झाली का ते लिही, इसरू नको.

बन्सीभाऊला बी विचारलं म्हणून सांग. तुम्हां दोघांकडं माझा जीव लागलेला हाय, हे ध्यानात असू दे.

तुझी,
द्वारकाआक्का


औरंगाबाद
दि. ३ मार्च १९८४

ती. स्व. आक्का यांचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

लाडू पोचले. मी दोन खाल्ले, शपथेवर सांगते. बाकीचे ह्यांनी आणि ह्यांना बघायला येणाऱ्यांनी खाल्ले. आक्का, तुमच्या भावाला इतकी माणसं आहेत हे मला लग्नात कळलं नव्हतं ते आता कळलं. सकाळी हापिसातली, दुपारी गल्लीतली, संध्याकाळी तुमच्या माहेरची, चितेगावाकडची. जो येतो तो प्लॅस्टरवर टिचकी मारून बघतो आणि मग स्वतःच्या ओळखीतल्या कुणाचा पाय कसा वाकडा जुळला ते सांगतो. हे पांढरे पडतात. मी चहा करते.

सगळे मला नशीबवान म्हणतात. गाडीचा मागचा भाग पार चेपला आणि हिच्या अंगावर ओरखडा नाही, म्हणून बायका माझ्या कुंकवाकडं बघून हात जोडतात. परवा तुमचे चुलते काकासाहेब चितेगावाहून आले होते. मी आत जरा आडवी झाले होते. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही. ते ह्यांना म्हणाले, दुखणं नवऱ्याला आणि झोप बायकोला, हे आमच्या वेळी नव्हतं. मी उठून पुन्हा चहा टाकला.

त्याच चहाची किटली हातातून सुटली. अर्धा कप काकासाहेबांच्या धोतरावर गेला. मुद्दाम केलं नाही हो, खरंच. हल्ली भांडी माझ्यावर रुसलीत, उजव्या हातात थांबतच नाहीत. काल ब्लाउजचे हूक लावायला शेजारच्या वच्छलाबाईंना बोलावलं, तर त्या हसून म्हणाल्या, नवीन नवरीसारखं काय करतेस. मीही हसले. जागरणाचा अशक्तपणा असेल.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, ते सांभाळून घ्या. हे पत्र सकाळी सुरू केलं होतं, आता दिवेलागण झाली. दाजींचा ताप उतरला का? आमची आठवण काढत राहा.

आपली,
मनकर्णा


औरंगाबाद
दि. १० मार्च १९८४

ती. आक्कास,
रामकिसनचा सा. न. वि. वि.

माझी तब्येत ठीक आहे. कपाळाचे टाके निघाले. प्लॅस्टरच्या आत अशी खाज सुटते की विणकामाच्या सुया मागवल्यात, कुणाला सांगू नकोस. कुबड्या घेऊन मोरीपर्यंत जातो. बन्सी येऊन गेला. तो बिचारा स्वतःला दोष देत बसला होता. मी त्याला समजावलं की तू गाडी थांबवली हे बरोबरच केलं. पण तो आता गाडीला हात लावत नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. तू मनकर्णाला दोन शब्द समजुतीचे लिही. तुझं ती ऐकते. काय झालंय कळत नाही, पूर्वीसारखी राहिली नाही. हाक मारली तर मान वळवत नाही, सगळं अंग फिरवून बघते, जशी काही रागावलीय. रोज काहीतरी फोडते. काल पोळी लाटता लाटता लाटणं तसंच टाकून भिंतीला टेकून बसली. मी विचारलं तर म्हणाली काही नाही. मी रागाच्या भरात बोललो की पाय माझा मोडलाय, तुला काय झालंय. तेव्हापासून बोलणं कमीच आहे. मला सांभाळून कंटाळली असेल तर तसं म्हणावं. मी एखादी वयस्कर बाई शोधतो कामाला.

तुझी वाट बघतो आहे. तुझ्या पत्रानं घर जरा ताळ्यावर येईल.

तुझा,
रामकिसन


देवगाव रंगारी
१४ मार्च १९८४

चि. रामकिसन यास आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिला हाय तो रीत म्हणून. मी लई रागात हाय.

तुझं पत्र अन् तिचं पत्र, दोन्ही म्या म्होरं ठेवून वाचली. तू लिहितोस ती मान वळवत नाय. ती लिहिते हातात भांडं थांबत नाय. तिचं अक्षर बघ एकदा. लग्नानंतरची तिची पत्रं माझ्या पेटीत हायेत, मोत्यासारखी. अन् ह्या पत्रात ओळ कुठं सुरू झाली अन् कुठं खाली घसरली ते मलाच कळंना. म्या शेवटी तिला इचारलं व्हतं, मान मोकळी झाली का. तिनं त्यावर एक अक्षर लिहिलं नाय. जी पोरगी काकासाहेबांच्या धोतराचं लिहिते, ती मानेचं इसरल व्हय?

मला डॉक्टरी कळत नाय. पण तुम्ही तिघं एकाच गाडीत व्हतात. तुझं मोडलेलं दिसतं म्हणून गाव गोळा झालं, तिचं दिसत नाय म्हणून ती चहा करत बसली. तू म्हणतोस कंटाळली. अरे, तिनं तुझ्यासमोर लाटणं खाली ठेवलं. तिच्यासारखी बाई लाटणं उगं खाली ठेवत नसती.

हे पत्र हातात पडलं की त्याच दिवशी तिला दवाखान्यात ने. ती नको म्हणल. तू ऐकू नको. रिक्षा हळू चालवायला सांग. मी दाजींना दिराकडं सोडून मागून येतेच.

तिला हे पत्र दाखवू नको, तिला वाटल आपल्याकडून चुगली झाली. पण तिला म्हणावं, आक्काचा जीव तुझ्यात अडकलाय.

द्वारका


औरंगाबाद
दि. १८ मार्च १९८४

ती. आक्कास,
सा. न.

तू निघायच्या आत हे पोचावं म्हणून घाईनं लिहितो. मनकर्णा दवाखान्यात आहे. घाबरू नकोस, शुद्धीवर आहे, बोलते आहे.

तुझं पत्र आलं तसं मी कुबड्या घेतल्या. ती म्हणाली, तुम्हाला जिना उतरता यायचा नाही. मी बसून बसून एकेक पायरी उतरलो. गल्लीतले लोक बघत होते. वच्छलाबाईंना वाटलं माझाच पाय बिघडला, त्या मला धरायला धावल्या. मी त्यांना म्हणालो, मला नको, हिला धरा.

फोटो काढले. मानेतला एक मणका जागचा सरकलाय आणि हाताकडं जाणारी शीर तिथं दाबली जातेय. डॉक्टर म्हणाले, गाडीला मागून धक्का बसला की धड पुढं जातं, डोकं मागं राहतं, आणि मग ते चाबकासारखं पुढं येतं. पहिल्या दिवशी माणसाला वाटतं काही झालं नाही. मग हळूहळू हात जड होतो, मुंग्या येतात. उजव्या हाताची दोन बोटं तिला कळतच नव्हती, आक्का. डॉक्टरांनी टाचणी टोचली आणि ती शांतपणे खिडकीकडं बघत होती. मला ते बघवेना. आणखी एखादा धक्का बसला असता, नुसती मोरीत पाय घसरून पडली असती, तरी हातपाय गेले असते असं डॉक्टर म्हणाले. ती रोज पाण्याच्या बादल्या उचलत होती.

आता हनुवटीखालून पट्टा बांधून खाटेच्या कडेला वजन लावलंय. हलायचं नाही. बोटं परत येतील का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, वाट बघू.

मी तिला म्हणालो, तू बोलली का नाहीस. ती म्हणाली की पहिल्या दिवशी सगळे रक्तानं भरले होते, तेव्हा मान दुखते म्हणायची लाज वाटली. आणि नंतर सगळे नशीबवान म्हणायला लागले, मग तर तोंडच उघडेना.

मी तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसून असतो, प्लॅस्टरचा पाय समोर लांब करून. नर्स दोनदा अडखळली. तिला मी भरवतो, पण माझ्या हातून वरण तिच्या तोंडात जातं तेवढंच पदरावर सांडतं. आक्का, तू ये.

तुझा,
रामकिसन


देवगाव रंगारी
१९ एप्रिल १९८४

चि. सौ. मनकर्णास अ. उ. आ.

नीट पोचले. गाडीत चितेगावची एक बाई शेजारी व्हती, तिला तुझी सगळी कथा सांगितली, ती देवगावला उतरायचं सोडून कन्नडपर्यंत ऐकत गेली असती. दाजी वाळलेत, पण भाकरी थापायला शिकलेत. गोल नाय येत, पण म्या खाल्ली.

तुझ्याजवळ महिनाभर बसायला मिळालं, ते मला बी हवं व्हतं. तू पट्ट्यात अडकलेली अन् मी तुझी वेणी घालायची, तवा तू ज्या गोष्टी सांगितल्या त्या उभ्या जन्मात कधी सांगितल्या नसत्यास. रामकिसनचं प्लॅस्टर निघालं त्या दिवशी तो लंगडत तुझ्या खाटेपाशी आला अन् आधी तुझी बोटं दाबून बघितली. म्या ते बघितलं, तुला नाय सांगितलं.

आता गळ्यात कॉलर घालून घरी बसलीस, तर बसूनच राहा. आखाजीच्या सणाला माझ्याकडं ये. झोका बांधणार नाय, भिऊ नको. नुसती ओसरीवर बस, मी आमरस करीन. डॉक्टरला इचार, अन् कसं यायचं ते तुम्ही दोघं ठरवा. येशील तर घर भरल.

तुझी,
द्वारकाआक्का


औरंगाबाद
दि. २८ एप्रिल १९८४

ती. स्व. आक्का यांचे सेवेशी,
मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी परवानगी दिली. मंगळवारी एक मेची सुट्टी आहे, त्या दिवशी हे मला आणून सोडणार आहेत. एस.टी.नंच येऊ. बन्सीभाऊ गाडी घेऊन येतो म्हणाले होते. ते अपघातानंतर पहिल्यांदाच गाडीचं नाव काढत होते, म्हणून नाही म्हणताना मला वाईट वाटलं. पण माझ्यानं मोटारीत बसवणार नाही अजून.

खरं सांगायचं तर एस.टी.चीही भीती वाटते. काल रिक्षातून डॉक्टरांकडं गेलो, मागून ट्रकचा भोंगा वाजला आणि मी ह्यांचा दंड इतका आवळला की वळ उठले. घरी आल्यावर वच्छलाबाईंनी विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा सांगितलं, मला भीती वाटते म्हणून. सांगून टाकलं आणि घोटभर पाणी प्यायले. जग काही बुडालं नाही.

हे म्हणतात मधल्या सीटवर बसू, तिथं धक्के कमी लागतात. मागच्या बाजूला स्वतः उभं राहतो असंही म्हणाले. त्या पायानं दोन तास उभं राहणार म्हणे! मी त्यांना शेजारी बसवणार आहे. काकासाहेबांनी निरोप धाडलाय की सुनबाईंनी तब्येतीला जपावं. धोतराचं काही म्हणाले नाहीत.

पत्र मी लिहितेय, आक्का, उजव्या हातानं. दोन ओळी झाल्या की थांबते. करंगळी अजून झोपल्यासारखी आहे. डॉक्टर म्हणाले, ती तशीच राहील कदाचित. तिच्या शेजारचं बोट आलं परत.

एवढीच विनंती. मी उतरले की आनंदानं गळ्यात पडू नका, मान अजून कच्ची आहे. नुसता हात धरा. उजवाच धरा. त्याला आता कळतं, कुणी धरलं ते.

येतेच आहे. तोवर जीव लावून वाट बघा.

आपली,
मनकर्णा