मागचा दिवा बंद होता

प्रिय आई,

काल तुझा फोन मुद्दामच घेतला नाही. मी काही लपवत असले की तुला नुसत्या आवाजावरून कळतं, आणि मग मला धड बोलताच येत नाही. आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. कोपर थोडं सोललंय आणि गणवेशाची पँट गुडघ्यावर फाटलीय, एवढंच.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी आणि भोंगा फेरीवर होतो. भोंगा म्हणजे आमच्या पोलीस गाडीचा चालक. तो कुजबुजला तरी चौथ्या मजल्यावर ऐकू जातं. उताराच्या रस्त्यावर एका छोट्या मोटारीचा मागचा दिवा बंद दिसला, म्हणून तिला कडेला घ्यायला लावलं. आत एक म्हातारे शिंपीकाका, मागच्या सीटवर शिवून झालेल्या कोटांचा ढीग. दिव्याचं विचारलं तर म्हणाले, "बाई, मी पुढे बघून चालवतो. मागचं मागच्यांनी बघावं." मला हसू आवरेना. मी त्यांचा परवाना तपासत होते, तर ते खाली उतरून माझ्या बाहीची शिलाई किती कच्ची आहे ते समजावायला लागले.

तेवढ्यात भोंग्याची आरोळी आली. मान वर केली तर कोबीने भरलेला ट्रक, ब्रेक गेलेला, उतारावरून थेट आमच्या अंगावर येत होता. आई, मला हलताच येईना. चोरामागे तीन-तीन गल्ल्या धावणारी मी, हातात परवाना धरून नुसती बघत राहिले. काकांनी माझा पट्टा पकडून खसकन ओढलं आणि आम्ही दोघं कडेच्या झुडपात पडलो. त्यांच्या मोटारीचा मागचा भाग चेपून ट्रक भिंतीला जाऊन टेकला. ट्रकवाल्याचा एक दात पडला, बाकी सगळे शाबूत. रस्ताभर कोबीच कोबी. भोंगा धावत आला आणि आम्हा दोघांना चाचपून बघायला लागला. काकांनी मात्र कपडे झटकले, मोटारीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता तर दिवाच राहिला नाही, बाई. सोडा मला."

आम्ही तिघं वेड्यासारखे हसलो. दुपारी ठाण्यात मात्र बाहेर ट्रकचा आवाज आला की मी उठून खिडकीशी जात होते.

आता खरं सांगते. मी ठाण्यात टेबलावर कागदपत्रं बघते, असं तुला सांगितलं होतं. ते टेबल कधी नव्हतंच. बाबा गस्तीवर गेले ते परतलेच नाहीत, तेव्हापासून तू माझ्याकडे तेवढं एकच मागितलंस, आणि मी वर्षभर तुला फसवत आले. काल साहेबांनी मला खरोखरच टेबल देऊ केलं. मी नको म्हटलं. भीती गेली म्हणून नव्हे, ती अजून आहे. पण हे काम मला मनापासून आवडतं, आणि यापुढे ते तुझ्याशी खोटं बोलून करायचं नाही. रविवारी घरी येते. पोटभर रागव, आणि मग जेवायला वाढ.

तुझीच खोटारडी,
बबडी