सुजूच्या मनगटावरची तुमची हाक

अहो,

सप्रेम जयभीम.

तुम्ही म्हणाल, ही बाई मेल्यावरसुद्धा माणसाला शांत पडू देत नाही! पण काय करू, हात नुसते बसेनात. आपली सुजू, आपल्या मिलिंदची लेक, या घडीला अमेरिकेत एका झुडपाआड बसली आहे आणि तुमची कोल्ह्याची हाक घालते आहे. ऐकलंत ना? तुमची! इथे सिंगापुरात दिवेलागण झाली, तिकडे आत्ता कुठे उजाडतंय. झालं की फोन करते म्हणाली. फोन काही वाजत नाही.

मिलिंद ऑफिसातून आला तो दार लावून मीटिंगमध्ये बसला. मग बोलू कुणाशी? म्हणून तुम्हाला लिहिते. जोडाक्षरं चुकली तर हसू नका. प्रौढवर्गाला जात होते तेव्हा पुरेसे हसून झालात.

नीट सांगते, नाहीतर म्हणाल कुठून कुठे गेली. सुजू जनावरांची डॉक्टर होते आहे. शिकता शिकता एका मेंढ्यांच्या फार्मवर राहते. मालकीण माझ्याच वयाची म्हातारी. पँट घालते, ट्रॅक्टर चालवते, आणि मला फोनवर हात हलवून दाखवते. मीही हलवते. आणखी काय बोलणार?

तिथे कायोटी म्हणून जनावर आहे. आपल्या कोल्ह्याचा थोरला भाऊच म्हणा. त्यातला एक नर, मागच्या पायाने जरासा लंगडा, रोज येतो. दिवे लावून पाहिले, कुत्रा ठेवला, हाकलून पाहिलं. कशालाच भीत नाही! सुजूने एक कोकरू बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. त्याचं नुसतं कातडं सापडलं. त्या दिवशी पोरगी फोनवर नुसती नाक ओढत राहिली.

मग मालकिणीने तिला धनुष्य शिकवलं. आपलं उभं नव्हे, आडवं. बंदुकीसारखं खांद्याला लावायचं आणि चाप ओढायचा. क्रॉसबो म्हणतात. बंदूक का नाही, तर मेंढ्या गाभण आहेत, आवाजाने बिथरतात. पण बाण जवळूनच लागतो, म्हणजे जनावर जवळ यायला पाहिजे. बाजारात शिट्टी मिळते त्यासाठी. पण हा लंगडा शिट्टी ओळखून बसलाय. वाजली की आल्या पावली माघारी!

तर परवा सुजूचा फोन. "आजी, आजोबा हाताला ओठ लावून काहीतरी करायचे ना? बाबा सांगतो नेहमी. तुला येतं?"

येतं का म्हणे! अहो, मला इतका आनंद झाला की हातातलं लाटणं खाली पडलं. कोण विचारतं हो आम्हाला? इथे लिफ्टचं बटण कुठलं, एमआरटी रेल्वेचं कार्ड कसं टेकवायचं, सगळं मीच दुसऱ्यांना विचारायचं. आणि माझी इंग्रजी शिकलेली नात मला विचारते, येतं का!

आठवतं तुम्हाला? लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. गोदेच्या वाळूत आपली खोप. कलिंगडं दुसऱ्याची, राखण आपली. दिवस कलला की तुम्ही वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला, वारा तोंडावर घेऊन बसायचात. मनगटाच्या मागे ओठ टेकवून हवा आत ओढायचात. सशाचं पिल्लू काट्यात अडकून रडतंय जणू! माझ्या अंगावर शहारा यायचा. आणि मग गप्प. किती गप्प! मला कुठलं गप्प बसवतंय? मी विचारायची, "आला का?"

"आला होता. तू बोललीस, गेला."

कलिंगडं सोडून कोल्हा तुमच्याकडे यायचा, नाक वर करून. तेवढ्यात गोफणीतला धोंडा त्याच्या पायापाशी फट्‌कन! मग बरेच दिवस फिरकायचा नाही. एकदाही त्याला लागला नाही तुमचा धोंडा. मी चिडवायची, "नेमच नाही तुम्हाला." तर तुम्ही मिशीत हसून म्हणालात, "नेम आहे म्हणून तर लागत नाही."

हे वाक्य परवापासून माझ्या डोक्यात घुमतंय. त्याला मी काय करू, सांगा!

कारण मी शिकवलं हो. फोन टेबलावर उभा केला आणि घातली हाक. पहिल्या वेळी नुसती हवा. दुसऱ्या वेळी जमलं. तिसऱ्या वेळी अशी जमली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला आणि शेजारच्या लिम आंटी बामाची बाटली घेऊन दारात! "आंटी, यू ओके? चेस्ट पेन आ?" त्यांना कसं सांगायचं की मी ससा आहे? सून हसून हसून जमिनीवर बसली.

सुजूने ते फोनमध्ये भरून घेतलं. दुसऱ्या दिवशी विचारते, "आजी, सशाचा आवाज जमला, पण मधे मधे तो छन छन येतो, तो कशाने काढायचा? मी किल्ल्या वाजवून बघितल्या."

अगं माझ्या बांगड्या त्या! शहाणी पोर, डॉक्टर होणार! सशाला बांगड्या घालायला निघाली! किती दिवसांनी मी अशी हसले. डोळे पुसता पुसता म्हटलं, बाई, किल्ल्या ठेव घरी. आणि एकदाच हाक द्यायची. मग कितीही जीव वरखाली झाला तरी पुन्हा नाही. जो दुसऱ्यांदा हाक देतो त्याच्याकडे कोणी येत नाही. बघा, तुमचंच सगळं सांगितलं. तेव्हा ऐकत नव्हते असं वाटायचं ना तुम्हाला?

आनंद तिथवर होता. मग मिलिंद बोलला. रागाने नाही, सहजच, मोजे काढता काढता. "आई, सकाळी वंदना करतेस, पहिलंच शील म्हणतेस, जीवहत्या करणार नाही. आणि संध्याकाळी हे?"

म्हटलं, "मी कुठे मारतेय? मी हाक शिकवली."

"बाबा हाक घालायचे ते पळवून लावायला, मारायला नाही."

तुमचाच मुलगा! चहा केला त्याला. जास्तीचं आलं घातलं. रात्रभर कूस बदलत होते. कोकरं मरावीत का? नाही. लंगडा मरावा का? तेही तोंडातून निघेना. आणि पोरीने मला विचारलं होतं हो, पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. नाही म्हणायला हवं होतं का? तुम्ही म्हणाला असतात? तुम्ही कुठे नाही म्हणायचात कुणाला! फक्त इथे यायला तेवढं नाही म्हणालात. पासपोर्टच्या फोटोसाठी टोपी काढणार नाही म्हणून अडून बसलात. आला असतात तर आज हे सगळं तुमच्या गळ्यात पडलं असतं, माझ्या नाही.

फोन अजून नाही.

मघाशी गॅलरीत जाऊन आले. खाली ब्लॉकमधल्या बायका चालताहेत, बुकित बातोकची बस येऊन गेली, जगाचं सगळं जागच्या जागी. सून म्हणाली, "आई, बसा ना, पाय दुखतील." बसवत नाही गं बाई! भात चिवडला आणि ठेवून दिला. तो आला असेल का? की वाऱ्याने पोरीचा वास आधी नेला? की आला आणि तिचाच नेम चुकला? लंगडं झालेलं जनावर उलटून येतं का हो अंगावर? हे कधी विचारलंच नाही तुम्हाला.

थांबा. फोन.

आत्ता ठेवला. तसंच्या तसं सांगते.

"आजी."

"बोल गं. आला?"

"आला. तू सांगितलंस तसं वन टाइम ओन्ली. मग गप्प. मला वाटलं नाहीच येणार. मग एकदम समोर होता."

"मग?"

"लागला. लगेच पडला, आजी. त्याला कळलंही नसेल."

आणि मी टाळी वाजवली! खोटं कशाला सांगू? पोरगी सुखरूप, कोकरं वाचली, तुमची हाक सात समुद्रापार चालली! टाळी वाजली ती वाजलीच.

पलीकडून ती बारीक आवाजात म्हणाली, "तो बघायला आला होता गं. ससा कुठाय ते. इकडे तिकडे बघतच नव्हता, सरळ माझ्याकडे बघत आला. आजी, आता काय करायचं? आजोबा नंतर काय करायचे?"

तुमच्याकडे नंतर असं काही नव्हतंच. तुमचा कोल्हा पळून जायचा, तुम्ही विडी पेटवायचात, मी भाकरी थापायला घ्यायची. तिथून पुढचं तुम्ही मला काही दाखवलं नाहीत. आता मी त्या पोरीला काय दाखवू?

शेवटी म्हटलं, "त्याच्याजवळ जाऊन बस. एकटी बसू नको, म्हातारीला बोलाव. डोळे उघडे असले तर मिटव. मग कोकरांकडे जा."

"कॅन," म्हणाली, म्हणजे करते. इथल्या पोरांसारखं नेहमीचं ते 'लाह' शेवटी लावलं नाही.

तर ऐका. रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा, तिच्यावर नाही. तुमची हाक मी तिला दिली आणि ती आता माघारी घेत नाही. मेंढ्या अजून विणार आहेत, ती परत बसेल, ते मला कळतं. पण शब्द देते, यापुढे ती झुडपाआड बसली की इथे माझा फोन चालू असेल. तोंडातून ब्र काढणार नाही. जो येईल तो आम्हा दोघींच्या हाकेला आला असं मी धरीन. पडला तर निम्मा माझा. सकाळी वंदनेला बसेन तेव्हा पहिलं शील घाईने उरकणार नाही, तिथे थांबेन, आणि आज जो आला होता त्याला आधी मनात जागा करून देईन.

तुमची,
गया