गिऱ्हाइकाला सांगायची गोष्ट

प्रिय बडबडे,

तुला भेटायला अजून परवानगी नाही, म्हणून वॉर्डातल्या नर्सबाईंच्या हाती हे पत्र देतेय. तू कुणाशीच बोलत नाहीस, ताट आलं की भिंतीकडे तोंड करतेस, असं त्या म्हणाल्या. तू, जिची बडबड बंद व्हावी म्हणून आम्ही हात जोडायचो! जीव द्यायला निघालीस आणि शेजारच्या खोलीतली मी तुला आठवले नाही? चिडलेय मी. शिव्या राखून ठेवल्यात, भेटल्यावर देईन.

मालकीणबाई तुझी खोली दुसरीला देणार होत्या. मी माझं सगळं बोचकं तुझ्या पलंगावर नेऊन टाकलं आणि तिथेच ठाण मांडलं. आधी खूप आरडाओरडा केला त्यांनी, मग नाद सोडला. खोली तुझीच आहे. चिडलेय ते स्वतःवरही थोडं. गिऱ्हाईक गेलं की मधल्या प्लायवूडच्या भिंतीवर दोनदा ठोकायचं, ही आपली पद्धत. तू रोज ठोकायचीस आणि मी निश्चिंत व्हायचे. पण त्या ठोकण्याचा अर्थ एवढाच, की कुणी मारलं नाही. बाकी कशी आहेस, हे त्यातून कुठे कळतं?

आता एक गोष्ट सांगते, जी तुझ्यापासूनही लपवली. गेल्या वर्षी मी केस विंचरायचे सोडले होते, आठवतं? सगळ्या म्हणाल्या, नखरे करतेय. मालकीणबाईंनी रक्त तपासून आणलं, सगळं ठीक निघालं, झालं. आपल्याला तपासतात ते कमरेखालचं. डोक्यात काय चाललंय, ते कुणाच्या गावीही नसतं. शेवटी मी गुपचूप मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मायेनं विचारलं, काय झालं, आणि माझ्या तोंडून घडाघडा गिऱ्हाइकाला सांगायची आपली ती गोष्ट बाहेर पडली! सावत्र आई, जळालेलं घर, कडेवरचा आजारी भाऊ. जिन्यात शेंगदाणे खात आपण रचलेली. भाऊ शेवटी मेलाच पाहिजे, हा हट्ट तुझा. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी मला आणखी चेव चढला. सवयच ना, अनोळखी माणूस हळहळायला लागला की आपली गाडी थांबत नाही.

मग काय, दर भेटीत त्या मला भावाच्या दुःखातून बाहेर काढायच्या. मला भाऊच नाही गं! पहिल्यांदा घरी येऊन पोट धरून हसले. नंतर हसू येईना. गोळ्या घेत होते, बाई जीव तोडून बोलत होत्या, आणि माझ्या वाट्याला त्यातलं काहीच येत नव्हतं.

एक दिवस जाऊन सांगून टाकलं. भाऊ नाही, सावत्र आई नाही. आई सख्खी आहे, जिवंत आहे, आणि माझं तोंड बघत नाही. कुणी अंगाला हात लावला, की मी अंग तिथेच ठेवून निघून जाते. पूर्वी गिऱ्हाईक गेलं की परत यायचे, हल्ली दिवस दिवस परत येत नाही. वाटलं, बाई हाकलून देतील. त्या कपाळावर हात मारून हसल्या आणि म्हणाल्या, आता पहिल्यापासून सुरुवात करू. गोळ्या बदलल्या. जादू झाली नाही. पण सकाळी उठून चहा प्यावासा वाटतो, मालकीणबाईंशी भांडायला अंगात बळ येतं. मला एवढं पुष्कळ आहे.

उद्या त्याच बाई तुला बघायला येणार आहेत, म्हणून घाईनं लिहितेय. आधी तू गप्प बसशील, आणि बोललीस तर गिऱ्हाइकाला सांगायची गोष्ट सांगशील, मी ओळखून आहे तुला. ती सांगू नकोस. दुपारी सगळ्या आडव्या झाल्या की तू हळू आवाजात अंगाई म्हणत कुणाला तरी झोपवतेस, ते मला प्लायवूडमधून ऐकू येतं. कडेवर मूल नसताना झोपवतेस. मी कधी विचारलं नाही, आपल्यात खरं विचारायची रीत नाही. मला आजही सांगू नकोस. पण उद्या बाईंना त्याचं नाव सांग. तेवढं एक नाव सांग, बडबडे. पुढचं रडणं आपण दोघी मिळून निभावू.

तुझीच,
खडूस